जड गाडी कोणाला वाचवते?

दोन टनांची एसयूव्ही आणि एक टनाची हॅचबॅक ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने तो ढिगारा एसयूव्हीच्याच दिशेने ताशी साधारण १७ किलोमीटरने सरकतो. म्हणजे एसयूव्हीचा वेग क्षणात ३३ने बदलतो, हॅचबॅकचा तब्बल ६७ने. इजा मुख्यतः या बदलावर ठरते. जड गाडीने टाळलेला धक्का समोरच्याच्या माथी जातो!

पण समोर पुलाचा कठडा असला तर? तिथे वजनाची मिजास चालत नाही. दोन टनांची ऊर्जा गाडीच्याच पुढच्या भागाला चुरगळत पचवावी लागते. उंच गाडी कलंडतेही लवकर. २०२३मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनसीएपी’ या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणी कार्यक्रमाचे तारे पाहतानाही सावध राहावं: त्यातली समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरने ठरावीक अडथळ्यावर होते, समोरून येणाऱ्या ट्रकवर नव्हे.