लॅपटॉप बिघडला? जॉबशीट जपा!

हमीच्या मुदतीत लॅपटॉप बिघडला की ग्राहक प्रथम दुकानदाराकडे धाव घेतात. दुरुस्ती मात्र बहुधा उत्पादक कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातच होते. तेथे खरेदीची पावती आणि सीरियल नंबर लागतो. त्याआधी लॅपटॉपमधील माहितीची प्रत काढून ठेवावी. हार्डडिस्क बदलली गेल्यास नुकसानीची जबाबदारी कंपन्या सहसा घेत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची ती जॉबशीट. बिघाडाचे स्वरूप, तारीख आणि लॅपटॉपची बाह्य स्थिती तीत नोंदवून घ्यावी. ‘लॅपटॉप पडला’, ‘आत पाणी गेले’ असे कारण देऊन नंतर हमी नाकारल्यास हीच नोंद कामी येते. तोच दोष पुन्हा उद्भवल्यास दरवेळी नवी जॉबशीट मागावी.

दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत दावा दाखल करता येतो. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, बदली वस्तू किंवा पैसे परत देण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. तो सिद्ध करण्यास जपून ठेवलेल्या जॉबशीटच उपयोगी पडतात.