खोड सांगून केलेला सौदा

घोडा विकताना त्याची खोड सांगितलीच पाहिजे काय, हा प्रश्न आपल्याकडच्या कायद्याने १८७२ सालीच विचारात घेतला आहे. भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली काही उदाहरणे दिली आहेत. वाणिज्य आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी ती परीक्षेपुरती पाठ केलेली असतात. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. 'अ' हा लिलावात 'ब' ला घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे 'अ' ला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायद्याच्या मते हे कपट नव्हे. मात्र 'ब' ही 'अ' ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे 'अ' चे कर्तव्य ठरते. आणि तुम्ही नाकारले नाही तर घोडा चांगला आहे असे मी समजेन, असे 'ब' ने बजावल्यावरही 'अ' गप्प राहिला, तर त्याचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते.

आज घोड्याच्या जागी मोटार आली. वडिलांची पंधरा-वीस वर्षांची मोटार दारात उभी आहे, त्यांची दृष्टी मंदावल्यामुळे त्यांनी चालवणे सोडले आहे, आणि ती विकण्याचे काम घरातल्या शिकत्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाकडे आले आहे, असे चित्र आपल्या भागात पुष्कळ घरांत दिसते. हा सौदा जरा चमत्कारिक असतो. नोंदणी पुस्तकात नाव वडिलांचे, सही वडिलांची. पण गिऱ्हाइकापुढे बोलणार आपण. त्याच करार कायद्याचे २३८ वे कलम असे की, मालकाच्या कामात त्याच्या प्रतिनिधीने केलेले कपट किंवा दिलेली खोटी माहिती सौद्यापुरती मालकानेच केल्यासारखी, दिल्यासारखी धरली जाते. "गाडी कधी ठोकलेली नाही" असे मुलगा हसत हसत सांगतो, तेव्हा ते वाक्य कायद्याच्या कानाला वडिलांच्या आवाजात ऐकू येते. चाळीस वर्षे ज्या माणसाने गावात उधारी ठेवली नाही, त्याच्या नावावर आपण काय लिहितो आहोत, हे सौद्याला बसण्यापूर्वी पाहिलेले बरे.

आता कोणी म्हणेल, गप्प राहायला कायद्याची परवानगी आहे ना? आहे, बरीचशी आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे १६ वे कलम काही अपवाद सोडून मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी विक्रेत्यावर टाकत नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत असाच त्याचा रोख. गंमत अशी की, घर विकताना मात्र नियम उलटा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगायला हवा. भिंतीतली ओल सांगावी लागते, इंजिनातली नाही!

परंतु गप्प राहणे आणि लपवणे यांत कायदाही भेद करतो. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे हे १७ व्या कलमाप्रमाणे कपटच. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग मारणे, किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे, आवाज दबावा म्हणून इंजिनात दाट तेल ओतणे, हे सगळे त्यात येते. जनावरांच्या बाजारात निदान दात पाहून वय कळते आणि दात मागे फिरवता येत नाहीत. जनावरांच्या सौद्यावरून आठवले: कौटिल्याने रोगी जनावर निरोगी म्हणून खपवणाऱ्याला बारा पणांचा दंड सांगितला आहे, आणि चतुष्पाद परत करण्यासाठी तीन पंधरवड्यांची मुदत दिली आहे, कारण तेवढ्या दिवसांत त्याचा गुणदोष कळून येतो. जुन्या मोटारीला अशी मुदत कोणी देत नाही.

दोष सांगण्यामागे नीतीखेरीज एक व्यावहारिक कारणही आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. आधी काही नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः याच विचारासाठी. विचार सोपा आहे. समजा, बाजारात दहा मोटारी आहेत. पाच चांगल्या, लाखाच्या. पाच खराब, चाळीस हजारांच्या. कोणती कशी हे मालकांना ठाऊक, गिऱ्हाइकाला नाही. मग तो मधला, सत्तर हजारांचा भाव सांगतो. चांगल्या गाडीचे मालक सत्तर हजारांना का देतील? ते गाडी घरी नेतात. उरल्या खराब. हे गिऱ्हाइकालाही कळते आणि भाव चाळीस हजारांवर येतो. म्हणजे खोटे बोलणाऱ्यांचा दंड खरे बोलणाऱ्यांनी भरला. अकेरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत राहून गेले होते. त्यांच्या त्या निबंधात तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणीही आहे. ज्याने आईला सूप घेऊन बसलेले पाहिले आहे, त्याला हा सिद्धांत वेगळा शिकवायला नको.

या कोंडीतून सुटायचे तर गिऱ्हाइकाला जे दिसत नाही ते दाखवावे लागते. आणि येथेच वडिलांच्या गाडीचे वैशिष्ट्य आहे. दलालाकडच्या गाडीचा इतिहास दलालालाही पुरता ठाऊक नसतो. या गाडीचा सगळा इतिहास घरातच आहे. अडचण एवढीच की, घरच्यांना तिचे दोष दोष वाटेनासे झालेले असतात. आमच्या घरच्या मारुती ८०० चा दुसरा गिअर सकाळी थंडपणी पडत नसे. आधी पहिला टाकून मग दुसरा घ्यायचा. मागचे डावे दार आतून उघडत नसे. चोर्ला घाट चढताना काटा तांबड्याकडे झुकला की वातानुकूलन बंद करून काचा खाली करायच्या. वडिलांना विचारले तर म्हणत, "ती तशीच आहे पहिल्यापासून." ते खरेच बोलत होते. पण नव्या माणसाच्या दृष्टीने पहिला गिअरपेटीचा दोष, दुसरा कुलपाचा आणि तिसरा, सर्वांत महागडा, इंजिन तापण्याचा. यादी करायला बसताना घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, "तू गाडी चालवताना काय सांभाळतोस?" असे विचारावे. दोष काय, असे विचारले तर काहीच हाती लागत नाही.

पोचे, ओरखडे, फाटलेले आसन हे गिऱ्हाइकाला आपोआप दिसते; त्यावर शब्द खर्च करू नयेत. काही दोष चांगला मेस्त्री काढू शकतो, पण गाडी थंड असेल तरच. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर पाणी आत शिरत असण्याचा संभव. जुन्या इंजिनाचा निळा धूर पुष्कळदा पहिल्या मिनिटातच दिसतो, म्हणून गिऱ्हाईक येण्यापूर्वी गाडी गरम करून ठेवण्याची युक्ती चालते. ती करू नये. उलट त्याला सकाळी बोलवावे, त्याचा मेस्त्री आणू द्यावा आणि पहिली चावी त्यालाच मारू द्यावी.

याहून अवघड ते दोष, जे मेस्त्रीलाही चटकन सापडत नाहीत. आपल्या भागात यांतला मोठा म्हणजे पुराचे पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर, सांगली, बेळगाव या जिल्ह्यांत पूर आला. पाण्यात उभी राहिलेली मोटार धुऊन-वाळवून वरून नवीसारखी दिसते. पण तारांच्या सांध्यांना हिरवट गंज धरतो आणि काही महिन्यांनी दिवे, पंखा, स्टार्टर एकेक करून दगा देतात. आसनाच्या पट्ट्या पूर्ण ओढून पाहिल्या, तर कधी गाळाची रेघ दिसते. पाणी कुठवर चढले होते, चाकाच्या निम्म्यापर्यंत की आसनापर्यंत, हे घरच्यांखेरीज खात्रीने कोण सांगणार?

सांगायचे कसे, यालाही महत्त्व आहे. दोष भावाआधी सांगावेत. इसार घेतल्यावर सांगितलेला दोष प्रामाणिकपणाचा नव्हे, अडवणुकीचा वाटतो. तोवर गिऱ्हाईक मनाने गाडीत बसलेला असतो. ठाऊक असलेले, ऐकलेले आणि न तपासलेले वेगळे ठेवावे: "२०१६ मध्ये उजवा पुढचा पत्रा बदलला, पावती आहे", "क्लच वर्षभर चालेल असे मेस्त्री म्हणाले", "तळाचा पत्रा तपासलेला नाही." "वडिलांनी जिवापाड जपली" हे वाक्य गाळावे. ते खरे असते, पण त्यातून गिऱ्हाइकाला काही कळत नाही. हे सारे एका कागदावर लिहून दोन प्रतींवर दोघांनी सह्या कराव्यात. बेळगावसारख्या गावी विकणारा मराठी आणि घेणारा कन्नड असे सहज घडते. तेव्हा कागद दोन्ही भाषांत करावा; या अंकाच्या दोन विभागांत लिहिणारे आपले मित्र त्या कामी उपयोगी पडतील!

ब्रेक, सुकाणू आणि टायर यांचा विचार मात्र वेगळा. हे दोष नुसते सांगून भागत नाही. क्लच गेला तर नुकसान घेणाऱ्याचे. ब्रेक गेला तर रस्त्यावरून चाललेल्या तिसऱ्याचेच, आणि त्याने आपल्या कागदावर सही केलेली नसते. ते दुरुस्त करून विकावे, नाही तर गाडी ओढून न्यावी अशी अट घालून भंगाराच्या भावात द्यावी.

उरले सरकारी कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५० वे कलम राज्यातल्या राज्यातील विक्री चौदा दिवसांत कळवायला सांगते. त्यासाठी नमुना २९, आणि घेणाऱ्याचा नमुना ३०. चंदगड-कोल्हापूरचा गिऱ्हाईक असेल तर नमुना २८ चे ना-हरकत पत्र लागते आणि तिकडचा कर त्याला नव्याने भरावा लागतो. हा खर्चही त्याला आधीच सांगावा. वडील हयात नसतील तर आधी नमुना ३१ ने वारसाच्या नावावर नोंद करावी लागते. नाव बदलण्याचे काम "तो बघून घेईल" म्हणून सोडू नये. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली दिला आहे. त्या खटल्यातली गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. म्हणून चावी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा त्याच दोषांच्या कागदावर लिहून घ्यावा, आणि नव्या नावाचे नोंदणीपत्र डोळ्यांनी पाहीपर्यंत आपली प्रत वडिलांच्या कपाटात ठेवावी.