दिवा दारात, उजेड वाटेवर

रमजानचा चंद्र दिसला की मोहल्ल्याचे घड्याळ बदलते. ईशानंतर तरावीहची नमाज, मध्यरात्रीनंतर सेहरीची लगबग, मग फजर. म्हणून घराबाहेर दिवे लावणे ही या महिन्यात हौस तर आहेच, गरजही आहे.

हा रिवाज दूरदेशीही दिसतो. कैरोमध्ये घरांवर 'फानूस' नावाचे कंदील टांगतात. इस्तंबूलमध्ये मशिदीच्या दोन मिनारांमध्ये दिव्यांनी शब्द लिहितात, त्याला 'माह्या' म्हणतात. आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदील आणि रमजानची रोषणाई बहुधा एकाच दुकानातून येते आणि वायरमनही तोच असतो.

इस्लाममध्ये उजेडाला मोठे स्थान आहे. कुरआनच्या २४व्या सूरहचे नावच 'अन-नूर', म्हणजे प्रकाश. पण झोपण्यापूर्वी दिवे विझवा, नाहीतर उंदीर वात ओढून नेईल आणि घर पेटेल, असे प्रेषितांनी (स.) बजावल्याची हदीसही 'सहीह बुखारी'त आहे. आज वात गेली, उंदीर मात्र आहे आणि तो वायर कुरतडतो.

सोललेली वायर पत्र्याला किंवा लोखंडी ग्रिलला टेकली, तर हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. साधा एमसीबी अशा वेळी पडेलच असे नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत फरक पडताच तो क्षणार्धात वीज तोडतो. शिवाय अर्थिंग नीट असावे, दिवे 'आयपी ६५' दर्जाचे म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारे घ्यावेत आणि जोड उघड्यावर ठेवू नयेत. खांबावर आकडा टाकणे तर नकोच. वीज कायदा २००३च्या कलम १३५नुसार तो गुन्हा आहे आणि चोरीच्या विजेने इबादतीची शोभा वाढत नाही.

उधळपट्टीलाही, 'इसराफ'लाही, धर्मात मनाई आहे. ५०० वॅटचा हॅलोजन रोज दहा तास जळला, तर ३० दिवसांत १५० युनिट होतात. १० वॅटच्या एलईडीला तेवढ्याच वेळेत ३ युनिट पुरतात. दारासमोरची वाट दिसायला एवढा दिवा पुष्कळ झाला.

आणि त्याचे तोंड खाली असावे. समोरच्या खिडकीआड कुणी आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल, कुणाला पहाटेची पाळी असेल. त्यांना रोजा नसेल, पण झोप हवीच असते. लुकलुकणारी माळ तरावीहनंतर बंद करून एकच स्थिर दिवा ठेवला तरी चालते.

वाटेतली इजा दूर करणे हेही दान आहे, अशी हदीस आहे. पहाटे मशिदीकडे निघालेल्या म्हाताऱ्या पावलांना गटाराचे तुटके झाकण वेळीच दिसावे, काकड्याला निघालेल्या आजींनाही दिसावे. आपल्या दारातला दिवा एवढे करू शकतो, आणि त्याचा उजेड कुणाचा धर्म विचारत नाही.