निळ्या पानांचा रंग आणि ऊन

आमचा एक भाचा अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतीं राहतो. त्यानें गेल्या वसंतांत तेथील एका रोपवाल्याकडून होस्टा नांवाच्या शोभेच्या झाडाचीं चार रोपें निळ्या पानांचीं म्हणून घेतलीं. श्रावण लागतांना त्यांतील तीन साफ हिरवीं झालीं. रोपवाल्यानें फसविलें, पैसे परत मागावे काय, असें त्यानें आम्हांस विचारिलें. आमची हयात मुलकी खात्यांत कारकुनींत गेली. जागेच्या पंचनाम्यावांचून निकाल देणें आम्हांस साधत नाहीं. सबब झाडें कोठें लाविलीं तें आधीं विचारिलें. तीन रोपें घराच्या दक्षिणेच्या भिंतीशीं, दिवसभर उन्हांत. चौथें शेजाऱ्यास दिलें, तें त्यानें मोठ्या वृक्षाच्या सावलींत लाविलें, आणि तें अद्याप निळेंच होतें. रोपवाला येथेंच निर्दोष ठरला.

होस्टा मूळचें जपान, कोरिया व चीन या देशांतील. जपानांत त्याचे कोवळे कोंब 'उरुई' या नांवानें भाजी करून खातात. निळसर पानांच्या एका मोठ्या जातीस सीबोल्ड नामक वैद्याचें नांव मिळालें आहे. तो डचांच्या चाकरींत १८२३ सालीं नागासाकी येथील देजिमा बेटावर आला होता.

या पानांत निळा रंग असा मुळींच नसतो. पान हिरवेंच; त्यावर मेणाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. त्या कणांवर उजेड विखुरतो, त्यांतही निळा अंश अधिक, म्हणून पान निळसर दिसतें. आपल्या कोबीच्या बाहेरील पानावर किंवा कांद्याच्या पातीवर बोट फिरविलें असतां पांढुरकी भुकटी पुसली जाते, तोच हा प्रकार. शेजाऱ्याच्या पानावर अंगठा घासून पाहा, असें आम्ही भाच्यास लिहिलें. हिरवा डाग उमटला. शेजारीण मात्र रागावली, असें कळतें.

कडक उन्हानें व उष्णतेनें हें मेण झिजतें. पावसानें आणि नळीनें वरून पाणी मारल्यानें धुपतें. पुरतें वाढलेलें पान गेलेलें मेण पुन्हा भरून काढीत नाहीं. त्यामुळें सावलींतील पानही हंगामाअखेर थोडेंबहुत हिरवें होतेंच. फरक पडतो तो मुदतीचा. सकाळचें दोन-तीन तासांचें ऊन व पुढें सावली, ही जागा उत्तम. अगदीं अंधाऱ्या कोपऱ्यांत रंग टिकेल, पण झाड वाढणार नाहीं. पिवळ्या पानांच्या कित्येक जातींचें याच्या उलट आहे. त्या सावलींत हिरवट पडतात.

किडीसाठीं साबणाचें पाणी दोनदां मारिलें होतें, हें भाच्यानें तिसऱ्या पत्रांत कबूल केलें! साबण व तेल हीं दोन्ही मेण काढून टाकितात. शेतकरी बंधूंनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. कोबीवर औषध थेंब होऊन ओघळतें तें या मेणामुळेंच, आणि म्हणूनच त्यांत स्टिकर मिसळावा लागतो. पण हेंच मेण पानांतील ओलावा राखतें. स्टिकर सांगितल्या मापानेंच घालावा. ओंजळीच्या अंदाजानें नव्हे.

होस्ट्याचीं पानें हिवाळ्यांत मरतात व वसंतांत नवीं, निळीं फुटतात. तेव्हां कोंब उघडण्यापूर्वीं तिन्ही गड्डे पूर्वेच्या बाजूस हलवावे, असें भाच्यास कळविलें आहे. त्यास हिवाळ्याची चांगली थंडी लागते, सबब देशावरील आमच्या वाचकांनीं तें मागविण्याच्या खटपटींत पडूं नये.