मऊ पेशी, ताठर पेशी आणि प्रवाहाचा विवेक

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर, पात्र आणि सुई यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्रही असते. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये, हा त्यामागील हेतू. गाळणी आकार पाहून निवड करते. छिद्राहून मोठे ते वर राहते, लहान ते खाली जाते. परंतु ज्या वस्तू आकाराने सारख्या असून मऊपणात भिन्न असतात, त्या वेगळ्या कशा करायच्या? रक्ताच्या अभ्यासकांपुढे नेमका हाच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर आपल्याही घरांशी निगडित आहे.

रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७ ते ८ मायक्रॉन रुंद असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काही केशवाहिन्या तिच्याहूनही अरुंद असतात. तरीही ती अंग चोरून, दुमडून त्यांतून पार होते व पुन्हा पूर्ववत होते. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिचे बळ या लवचिकपणातच असते. प्लीहेतील अतिशय अरुंद फटींतून जाताना म्हातारी, ताठरलेली पेशी अडकते आणि शरीर तिला बाजूला काढते. म्हणजे मऊपणावरून निवड करण्याची युक्ती निसर्गाला पूर्वीपासून अवगत आहे.

ही युक्ती वाहत्या द्रवातही साधते. खळ्यावर उपणणी करताना चाळणी लागत नाही. दाणा आणि भूस वेगळे करण्याचे काम वारा करतो. येथे वाऱ्याच्या जागी द्रवाचा प्रवाह असतो. विंचरणेला पाणी आले की काठाशी ते संथ आणि मध्यभागी वेगवान वाहते, हे आपण पाहतो. केसाएवढ्या सूक्ष्म नलिकेतही तसेच घडते. भिंतीजवळच्या मऊ पेशीची एक बाजू संथ व दुसरी वेगवान प्रवाहात असल्याने ती ताणली जाते, तिरकी होते आणि भिंतीपासून दूर, मध्याकडे सरकते. ताठर पेशीला असा आकार बदलता येत नाही. मध्यभागी दाटलेल्या मऊ पेशींच्या धक्क्यांनी ती भिंतीकडे ढकलली जाते. पुढे नलिकेला फाटे दिले की मधला प्रवाह एका वाटेने व काठचा दुसऱ्या वाटेने काढून घेता येतो.

अरुंद नळीत रक्ताच्या वागण्यात होणारा बदल फाहरेउस व लिंडक्विस्ट या स्वीडिश संशोधकांनी १९३१ साली दाखवून दिला. आज महाराष्ट्रातही या क्षेत्रात काम चालते. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अमित अग्रवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच गुणधर्मांचा उपयोग करून रक्तातून प्लाझ्मा वेगळा करणारी सूक्ष्म उपकरणे तयार केली आहेत. त्यांना रक्ताचे काही थेंब पुरतात. गरगर फिरणाऱ्या मोठ्या यंत्राची गरज राहत नाही.

आमच्या दृष्टीने या विषयाचे मोल सिकलसेलमुळे अधिक आहे. या आनुवंशिक आजारात प्राणवायू कमी होताच तांबडी पेशी ताठर व विळ्यासारखी वाकडी होते, वाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना देते. विदर्भ व नंदुरबारकडील आदिवासी बांधवांप्रमाणेच विदर्भातील अनुसूचित जाती व बौद्ध कुटुंबांतही हा आजार आढळतो. वाहक व्यक्तीला सहसा त्रास नसतो, म्हणून तिला आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पेशींचा ताठरपणा प्रवाहात मोजण्याचे तंत्र अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहे; मात्र रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी आणि तिची खात्री करणारी एचपीएलसी चाचणी आजही उपलब्ध आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीवरच भर आहे.

आपण पत्रिका जुळविणे सोडले, हे योग्यच केले. विवाह ठरविताना रक्ताचा अहवाल मात्र जरूर पाहावा. वाहक असणे हा दोष नव्हे, आणि त्यावरून कोणाला कमी लेखणे हे तर धम्माच्या विरुद्ध आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे काम सुरू केले. पुढे खेड्यांतील, अनेकदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवून त्यांनी दाखवून दिले की आरोग्याचे ज्ञान इस्पितळाच्या भिंतींत कोंडून ठेवण्याची गरज नाही. हातात मावणारी सूक्ष्म उपकरणे उद्या त्याच वाटेने वस्तीपर्यंत पोचू शकतील. ती घडविणाऱ्यांत आणि वस्तीपर्यंत नेणाऱ्यांत आमच्या वसतिगृहाच्या बाकांवर बसलेली मुले-मुली असावीत, ही आमची मनोकामना आहे.