जोगवा, दाखला आणि भाडेकरार

कोल्हापूर, मंगळवार, 10 डिसेंबर 2024

पहाटे 5

आमच्या घरात सर्वांत आधी उठते ती आई. आई म्हणजे माझी गुरू. सत्तरी ओलांडली, गुडघे बोलतात, तरी अंधारातच ती आरसा आणि चिमटा घेऊन बसते आणि हनुवटीवरचा एकेक केस उपटते. आमच्यातल्या तरुण पोरी आता लेझरसाठी पैसे साठवतात. आईचा भरवसा चिमट्यावर. मागच्या खोलीत धाकटी बुटाच्या नाड्या बांधत असते. ती माझी चेला, एकवीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करतेय, म्हणून रोज पळायला मैदानावर जाते. तिच्या वयाची असताना माझ्यासाठी ही वाटच नव्हती. 2022च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावलं, तेव्हा कुठे शिपाई भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना आला.

मी पाणी भरते, चूल पेटवते. आज देवीचा वार. येत्या रविवारी मार्गशीर्षातली पुनव, कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर रांडाव पुनव. जमदग्नी ऋषी मारले गेले, रेणुकेला वैधव्य आलं, म्हणून त्या दिवशी देवीच्या नावाने बांगड्या फुटतात. माघातल्या अहेव पुनवेला देवी पुन्हा चुडा भरते. देवीला वाहिलेल्या आम्हा जोगत्यांचं वर्ष या दोन पुनवांच्या मापाने चालतं.

सकाळी 6.30

जगाची पूजा. आमचा जग म्हणजे टोपलीत बसवलेला देवीचा पितळी मुखवटा. त्याला लुगडं नेसवायचं, कवड्यांची माळ घालायची, मागे मोरपिसं खोवायची, कपाळावर भंडारा. हा जग डोक्यावर घेऊन, हात न लावता नाचायचं असतं. मान ताठ, नजर समोर, हलायची ती फक्त पावलं. हे अंगात मुरायला वर्षं लागतात. आईने तिच्या गुरूकडून घेतलं, मी आईकडून.

माझ्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं तेव्हा मी शाळेत होते. माझं चालणं-बोलणं मुलींसारखं, तेव्हा देवी लागली, असं गावाने ठरवलं. त्यामुळे घरातून हाकललं गेलं नाही. पण शाळा सुटली ती सुटलीच. आमच्या संस्थानात शाहू महाराजांनी 1920 सालीच जोगत्या-मुरळ्या सोडण्याविरुद्ध कायदा केला होता. कर्नाटकने 1982 साली देवदासी प्रथेवर बंदी आणली, महाराष्ट्राने 2005 साली नवा निर्मूलन कायदा केला. मी देवीला मानते आणि हे कायदेही मानते. आजही कुणी आईबाप असं लेकरू घेऊन आमच्या दारात येतात. आई त्यांना बसवते, चहा पाजते आणि सांगते, “देवी कुटं पळून चाललीय व्हय? आदी त्याला शाळंत घाला. मोटं झालं की त्याचं त्ये ठरवंल.”

सकाळी 8

पाच घरांचा जोगवा. जग आईच्या डोक्यावर, चौंडकं माझ्या काखेत, तुणतुणं गुरुबहिणीकडे. चौंडकं म्हणजे एका बाजूने कातडं मढवलेलं लाकडी नळकांडं. कातड्यातून आलेली तार डाव्या हाताने ताणायची आणि उजव्या हाताने छेडायची. ताण वाढवला की सूर चढतो, सैल केला की घुमतो. जोगतिणींच्या आणि जोगत्यांच्या आयुष्यावर राजन गवसांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या लिहिल्या. ‘जोगवा’ सिनेमा 2009 साली आला, आणि त्यात जोगत्याची भूमिका करणाऱ्या उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हापासून शहरातली माणसंही आम्हाला थांबवून वाद्याचं नाव विचारतात. मला ते आवडतं. हे गाणं-वाजवणं ही विद्या आहे, आणि ती तशीच ऐकली जावी.

दारात उभं राहून आम्ही ‘उदं गं आई उदं’ म्हणतो. बायका सुपातून जोंधळे, पीठ, मीठ-मिरची घेऊन येतात. आईच्या पायांवर पाणी घालतात, तिच्या हातून भंडारा लावून घेतात. तिसऱ्या घरच्या काकींची सून बाळंत झालीय. त्यांनी नातू आईच्या मांडीवर दिला. आईने त्याला पदराखाली घेऊन देवीचं नाव घेतलं. घर भरून पावलं. निघताना दारावरची पाटी दिसली: ‘वरची खोली भाड्याने देणे आहे’.

सकाळी दोन तास या गल्लीत आम्हाला जो मान मिळतो तो खरा असतो, त्यात खोट नाही. पण तो जगाला मिळालेला असतो. जग खाली उतरवला की तो मान माणसापर्यंत पोचतोच असं नाही. तो माणसापर्यंत पोचवण्यातच माझा पुढचा सगळा दिवस जातो.

सकाळी 10.30

लुगडं बदलून साधी साडी, खांद्याला पिशवी. मी एका संस्थेत क्षेत्र-कार्यकर्ती आहे. एचआयव्ही प्रतिबंधाचं काम. माझ्या यादीत जोगते आहेत, हिजडा घराण्यातल्या आहेत, आणि घरी शर्ट-पँट घालून राहणाऱ्या, फक्त आमच्यात आल्यावर मोकळं बोलणाऱ्याही आहेत. कुणाची तपासणी कधी झाली, कुणाच्या गोळ्या कधी संपतात, कुणाचा खोकला थांबत नाही, हे सगळं वहीत असतं.

आज एकीला घेऊन सीपीआर रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे. गोळ्या सुरू होऊन वर्ष होत आलंय. हिचं वजन वाढलंय, चेहऱ्यावर तजेला आलाय. रोजची गोळी न चुकता घेतली तर विषाणू रक्तात सापडेनासा होतो, आणि मग शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने तीनदा विचारून घेतलं होतं. आता तीच रांगेतल्या नव्या पोरीला समजावून सांगते. आमच्यातली व्यक्ती शेजारी बसलेली असली की पोरी तपासणीला येतात. औषधाइतकाच त्या सोबतीचा गुण येतो.

दुपारी 12.30

जिल्हाधिकारी कार्यालय. धाकटीचा ओळख दाखला. 2019चा कायदा आणि 2020चे नियम यांनुसार अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा, सोबत स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. कोणतीही वैद्यकीय तपासणी लागत नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी 30 दिवसांत दाखला द्यायचा. या दाखल्यावर आधार, बँक खातं, बाकीची कागदपत्रं बदलून घेता येतात. शस्त्रक्रियेनंतर कुणाला स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर त्यासाठी दुसरा अर्ज.

लिहिताना हे चार ओळींत मावतं. प्रत्यक्षात कागदच हाताशी नसतात. धाकटी अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडून आली. शाळेचा दाखला गावाकडे, रेशनकार्डावरचं नाव भावाने कमी केलेलं. तिच्या आईला भेटायला मी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला त्या माउलीने फडक्यात बांधलेला शाळेचा दाखला माझ्या हातात दिला आणि विचारलं, “पोर जेवती का येळंला?” धाकटीला मी हा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्या दिवसापासून ती आईला फोन करते.

आज कार्यालयातल्या बाईंनी कागद तपासून पोच दिली. धाकटीने पोच घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवली. 2011च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ म्हणून देशात 4,87,803 माणसं नोंदली गेली, महाराष्ट्रात 40,891. लोकलाजेपोटी पुरुष म्हणूनच लिहिल्या गेलेल्या कितीजणी माझ्या वहीत आहेत. कागदावर नसलेल्या माणसाला निवृत्तिवेतन मिळत नाही, घरकुल मिळत नाही, भरतीत उभंही राहता येत नाही.

दुपारी 3

मानवी हक्क दिनानिमित्त एका महाविद्यालयात बोलावलंय. पोरं-पोरी आधी बिचकतात, मग प्रश्नांची झड लागते. जोगते आणि हिजडे एकच का? मी सांगते: दोन्हीकडे गुरू-चेल्याचं नातं आहे, पंच आहेत, चुकलं तर दंड आहे. हिजड्यांची घराणी आहेत, त्यांच्या रीती वेगळ्या, बहुचरा मातेला त्या मानतात. आमची देवी यल्लम्मा, म्हणजेच रेणुका. जोगत्यांपैकी पुष्कळजणी आपल्या घरच्यांसोबतच राहतात, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळतात, भाचरांची लग्नं लावून देतात.

एक मुलगी विचारते, “तुम्ही लोक टाळ्या वाजवत मागता का?” मी तिला इतिहास सांगते. मराठेशाहीत हिजड्यांना गावोगाव भिक्षा मागण्याचा हक्क सनदांनी दिलेला होता, काहींना जमिनी आणि रोख नेमणुका होत्या. इंग्रजी अंमलात त्या हक्कांवर टाच आली. 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा झाला, त्याचा एक भाग आमच्यासारख्यांवरच होता. उत्तर हिंदुस्थानात पोलिसांनी नावांच्या नोंदवह्या केल्या. नाव नोंदलेल्या व्यक्तीने बाईच्या वेषात रस्त्यावर गाणं-नाचणं केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. हक्काचं होतं ते गेलं, कामधंदा कुणी देईना, आणि मागणं तेवढं उरलं. मग त्या मागण्यालाच लोक आमचा स्वभाव म्हणू लागले.

पुढे 15 एप्रिल 2014. नालसा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपण कोण आहोत हे ठरवायचा अधिकार ज्याचा त्याला आहे. आमच्या महाराष्ट्रातल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात आपली बाजू घेऊन उभ्या होत्या. 6 सप्टेंबर 2018 रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा जाच गेला. आणि तरीही, मी मुलांना सांगते, 2019च्या कायद्याचं अठरावं कलम घरी जाऊन वाचा. तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार करणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी दहा. 1871 साली आमच्या गाण्या-नाचण्याला जेवढी शिक्षा होती, तेवढीच आज आमच्यावर हात टाकणाऱ्याला आहे. वर्गात कुणी चुळबुळ केली नाही. मागच्या बाकावरच्या एकाने उठून विचारलं, हे बदलण्यासाठी आम्ही काय करायचं? मी म्हटलं, तुमच्यातले काही वकील व्हाल, काही अधिकारी व्हाल. तोवर वर्गात एखाद्याच्या चालण्याला कुणी हसलं, तर त्याला गप्प करा. शाळा सुटण्याची सुरुवात तिथून होते.

संध्याकाळी 6

यात्रेची बैठक. कोल्हापुरातून सौंदत्तीला एसटीच्या गाड्यांचा ताफा जातो. गल्लीगल्लीतून मंडळं गाड्या ठरवतात. आमच्या गाडीत जोगते, जोगतिणी आणि घरसंसारी कुटुंबं एकत्र असतात. डोंगरावर दगडांची चूल, शेजारी-शेजारी पथाऱ्या, रात्रभर चौंडकी. परतल्यावर इथल्या ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा. भाकरी, वांग्याची भाजी, मेथी, कांदापात, आंबील असा नैवेद्य घरोघरी होतो आणि सगळी पेठ देवळाकडे लोटते.

बैठकीत आईचा शब्द चालतो. कुणी कुठे बसायचं, शिधा किती, म्हाताऱ्यांच्या औषधांची पिशवी कुणाकडे. यंदा तिने एक नवी गोष्ट घालून दिली: गाडीतल्या प्रत्येकीने डोंगरावर चढण्याआधी रक्तदाब तपासून घ्यायचा. त्यासाठी आशाताई, म्हणजे गल्लीतल्या आरोग्य स्वयंसेविका, यायला तयार झाल्या. देवळाच्या पायरीवर आरोग्याची गोष्ट आईने सांगितली की ती ऐकली जाते. मी दहा वेळा सांगून जे होत नाही ते तिच्या एका वाक्याने होतं.

रात्री 8

सीबीएस बसस्थानकाच्या आसपास फेरी. कंडोम, वंगण, तपासणी शिबिराची तारीख. थंडी पडलीय, धंद्याला उभ्या असलेल्या पोरी हात चोळत बोलतात. एकीला काल गिऱ्हाइकाने मारलं, ओठ फाटलाय. तिला पोलिसांत जायचं नाही. मी जबरदस्ती करत नाही. दवाखान्यात नेते, कागद करून घेते, म्हणजे उद्या मन झालं तर हातात पुरावा असेल.

तिथेच एक नवी पोर भेटली. बारामाही काम करणारी, एका कपड्याच्या दुकानात शिलाईला. केस वाढवायला लागली तशी घरमालकाने खोली खाली करायला सांगितली. तीन ठिकाणी विचारलं, तिन्हीकडे नकार. पगार आहे, आधार आहे, आगाऊ रक्कम आहे. फक्त दार नाही.

रात्री 10

जेवणं उरकल्यावर मी सकाळच्या काकींना फोन लावला. खोलीचं विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या नावावर द्येते की. तुम्ही देवीची माणसं.” मी म्हटलं, “काकी, माझ्या नावावर नको. राहणार ती, भाडं भरणार ती, करार तिच्या नावावर करा. ती जोगती नाही, जग उचलत नाही. कपडे शिवते, वेळेवर कामाला जाते आणि रात्री घरी येते.” काकी थोड्या थांबल्या. मग एकेक विचारत गेल्या: माणसं किती येणार, पाणी किती लागणार, शेजारचे काय म्हणतील. प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर दिलं, कारण कुठल्याही भाडेकरूला विचारावेत असेच ते प्रश्न होते. शेवटी त्या म्हणाल्या, “बरं, उद्या अकराला घिऊन या. बघते, बोलते.”

आई पलंगावरून सगळं ऐकत होती. म्हणाली, “म्या बी येतो. पर जग न्हाई घ्यायचा. साद्या लुगड्यात येतो.” उद्या अकरा वाजता आम्ही तिघी त्या दारात जाणार. काकी हो म्हणाल्या तर दुपारीच मुद्रांक आणून करार लिहून घ्यायचा. नाही म्हणाल्या तर पाटी लावलेलं पुढचं घर. यादी मी करून ठेवली आहे.