आयपी पत्त्याचा सातबारा

सायबर गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘आयपी पत्त्यावरून छडा लागला’ हे वाक्य हमखास येते आणि त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या शोधसाधनात असा पत्ता टाकला की तो वापरणाऱ्याचे घर सापडते, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात ही साधने जी नोंदवही उघडतात, तिच्यात पत्त्यांचा एखादा गट कोणत्या संस्थेच्या नावे आहे एवढेच लिहिलेले असते. त्या गटातला एक पत्ता अमुक क्षणी कोणाच्या फोनला लाभला होता, याचा तिच्यात मागमूसही नसतो.

या नोंदवहीचे मूळ अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यात आहे. कॅलिफोर्नियातील ‘एसआरआय’ संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांनी १९८९ पर्यंत अर्पानेटच्या माहिती केंद्राची धुरा वाहिली आणि जाळ्याला जोडलेली यंत्रे व त्यांवर काम करणारी माणसे यांची निर्देशिका नीट लावून ठेवली. त्याच केंद्रातील केन हॅरेनस्टीन आणि व्हिक व्हाइट यांनी १९८२ साली त्या निर्देशिकेत शोध घेण्याच्या ‘हूइज’ या सेवेचे नियम लिहून काढले. इंटरनेटचा इतिहास सांगताना यंत्रे जोडणाऱ्यांची नावे आदराने घेतली जातात, पण त्या यंत्रांची नोंद ठेवल्यावाचून जाळे चाललेच नसते आणि त्या मानाने फाइनलर यांच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी फारच तोकडी आहे.

हूइजची रीत विलक्षण साधी आहे : संगणकावरील प्रोग्रॅम नोंदणी संस्थेच्या सर्व्हरशी ४३ क्रमांकाच्या पोर्टवर संपर्क साधतो, एका ओळीत पत्ता पाठवतो, उत्तरादाखल साधा मजकूर मिळतो आणि संपर्क तुटतो. मात्र जगात अशा पाच प्रादेशिक नोंदणी संस्था असून प्रत्येकीच्या उत्तराची मांडणी निराळी असल्यामुळे ते वाचणारे सॉफ्टवेअर लिहिणे जिकिरीचे ठरते. २०१५ साली प्रमाणित झालेल्या ‘आरडॅप’ या नव्या पद्धतीत कोणता गट कोणत्या संस्थेकडे आहे याची यादी मध्यवर्ती ठिकाणी मिळते आणि उत्तरही ठरावीक रचनेत येते.

१.१.१.१ हा पत्ता विचारून पाहिला, तर आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था ‘एपनिक’ सांगते की तो १.१.१.० ते १.१.१.२५५ या गटातील असून एपनिक आणि क्लाउडफ्लेअर ही कंपनी यांच्या संयुक्त प्रकल्पासाठी दिलेला आहे आणि देशाच्या रकान्यात ऑस्ट्रेलिया दिसते. तरीही हाच पत्ता जगभरातील अनेक यंत्रांना एकाच वेळी दिलेला असल्याने मुंबईतून केलेल्या विचारणेला मुंबईतलेच यंत्र उत्तर देऊ शकते. देशाचा रकाना यंत्राची जागा सांगत नाही, ही गोष्ट वृत्तपत्रांनी ‘हल्ला अमुक देशातून झाला’ असे लिहिण्यापूर्वी लक्षात घ्यायला हवी.

जमिनीच्या सातबाऱ्यात गाव नमुना सात हा धारकाचे नाव देतो आणि नमुना बारा त्या जमिनीत कोणते पीक उभे आहे ते सांगतो. आयपी नोंदीत फक्त सात असतो, बारा नसतो. तो बारा सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या दप्तरी राहतो आणि तपास यंत्रणेला तो कायदेशीर मार्गानेच मागवावा लागतो. त्यातच आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ते ४२९ कोटींच्या आसपासच असल्यामुळे मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. अशा वेळी अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक हाती नसेल, तर कंपनीलाही नेमका ग्राहक काढून देता येत नाही.

या नोंदीतला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे गैरवापराची तक्रार पाठवण्यासाठी दिलेला ईमेल. संशयास्पद पत्ता आढळल्यास वाचकांनी स्वतः कोणावर बोट ठेवू नये. पत्ता, तारीख व सेकंदापर्यंतची वेळ टिपून त्या ईमेलवर कळवावे, आणि पैशांची फसवणूक झाली असेल तर विलंब न लावता १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी.